कामावर दुखावलेला हात, फिजिओथेरपी आणि गाडीचे मैल: कॅलिफोर्नियातील भरपाई मिळते कशी?

फ्रीमॉन्टमध्ये आमच्या ओळखीच्या एक काकू आहेत. एका भारतीय किराणा दुकानाच्या मागच्या स्वयंपाकघरात त्या सहा वर्षे पोळ्या लाटत होत्या, सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंत, आणि सणावाराच्या आठवड्यांत त्याहूनही उशिरापर्यंत. २०२५ च्या जानेवारीत त्यांचा उजवा अंगठा आणि मनगट इतके दुखू लागले की लाटणे हातात धरले की डोळ्यांत पाणी यायचे. मालकाला सांगितले तेव्हा त्याने दोन दिवस विश्रांती घ्या, म्हणून सांगितले. काकूंनी मग स्वतःच्या आरोग्य विम्यावर डॉक्टर गाठला, फिजिओथेरपीच्या प्रत्येक वेळी चाळीस डॉलर खिशातून भरले, पेट्रोल आणि पुलाचा टोलही स्वतःच सोसला. यांपैकी एकही पैसा त्यांच्या पदरचा जायला नको होता, हे कळेपर्यंत अकरा फेऱ्या होऊन गेल्या होत्या.

मी स्वतः त्याआधी दोन वर्षे प्रयोगशाळेतील खोकी उचलताना खांदा दुखावून याच व्यवस्थेतून गेले होते, म्हणून काकूंचे कागद घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरातील टेबलावर बसण्याचे काम माझ्याकडे आले. त्या बैठकांत जे वारंवार समजावून सांगावे लागले, तेच येथे लिहीत आहे. हे नियम कॅलिफोर्नियाचे आहेत. अमेरिकेत कामगार भरपाईचा कायदा प्रत्येक राज्याचा वेगळा असतो आणि प्रवासखर्चाच्या बाबतीत तर फारच वेगळा. उदाहरणार्थ टेक्सासमध्ये उपचाराचे ठिकाण एका बाजूला तीस मैलांपेक्षा दूर असेल तरच गाडीचे पैसे मिळतात. त्यामुळे डॅलस किंवा न्यू जर्सीतील एडिसनमधील वाचकांनी येथील आकडे जसेच्या तसे आपल्याला लागू होतील असे धरू नये.

कॅलिफोर्नियात सक्तीची कामगार भरपाई १९१३ च्या बॉइंटन कायद्याने आली आणि १ जानेवारी १९१४ पासून लागू झाली. तिचा पाया एका देवाणघेवाणीवर आहे. कामामुळे दुखापत झाली तर चूक कोणाची हे न पाहता उपचार आणि वेतनाचा काही भाग मिळतो, आणि त्या बदल्यात कामगार सहसा मालकावर वेगळा दिवाणी दावा लावू शकत नाही. म्हणून ‘माझ्याच चुकीने पाय घसरला, मग मागू कशी?’ हा प्रश्न येथे उद्भवतच नाही. या विम्याचा हप्ता पूर्णपणे मालक भरतो. महाराष्ट्रात ‘ईएसआय’ची कपात ज्यांनी पगारपत्रकावर पाहिली आहे, त्यांना कामगाराच्या वेतनातूनही पाऊण टक्का जातो हे ठाऊक असेल, येथे कामगाराच्या पगारातून या विम्यासाठी एक सेंटही कापता येत नाही. एच-वन-बी व्हिसा, एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावरील कामाचा परवाना, ग्रीन कार्ड, किंवा कोणतेही कागद नसणे, यांपैकी कशानेही हा हक्क कमी होत नाही. कायद्याने कामगाराच्या व्याख्येत सर्वांनाच धरले आहे. आपल्या लोकांत व्हिसाच्या भीतीने गप्प राहण्याची सवय फार खोलवर आहे, म्हणून हे वाक्य मी मुद्दाम ठळकपणे सांगते.

दुखापत एकाच क्षणी व्हावी लागते असेही नाही. महिनोन्‌महिने तीच हालचाल करून झालेली दुखापत, म्हणजे पोळ्या लाटून मनगट, कीबोर्डवर बोटे, रुग्णाला उचलून कंबर, ही कायद्याच्या दृष्टीने दुखापतच असते. अशा वेळी दुखापतीची तारीख साधारणपणे त्रासामुळे काम अडले आणि तो त्रास कामामुळे आहे हे कळले, या दोन्ही गोष्टी जुळून आल्या तो दिवस धरतात. काकूंना सहा वर्षांपूर्वीची कोणतीही तारीख शोधायची गरज नव्हती.

पहिला कागद म्हणजे ‘डीडब्ल्यूसी-१’ नावाचा दाव्याचा अर्ज. दुखापतीची माहिती मालकाला तीस दिवसांच्या आत लेखी द्यावी, आणि माहिती मिळाल्यावर मालकाने एका कामाच्या दिवसात हा अर्ज कामगाराच्या हातात ठेवावा, असा नियम आहे. मालकाने दिला नाही तर राज्याच्या कामगार भरपाई विभागाच्या संकेतस्थळावरून तो उतरवून घेता येतो. आपला भाग भरून, सही करून, प्रत स्वतःकडे ठेवून तो मालकाला द्यायचा. संबंध बिघडलेले असतील तर पोचपावतीच्या टपालाने पाठवायचा. अर्ज मिळाल्यावर एका कामाच्या दिवसात, दावा स्वीकारायचा की नाकारायचा याचा निर्णय होईपर्यंत, दहा हजार डॉलरपर्यंतचे योग्य उपचार सुरू करण्याची जबाबदारी मालकाच्या विमा कंपनीवर येते. बहुतेक दुखापतींसाठी निर्णयाची मुदत नव्वद दिवसांची आहे आणि त्या मुदतीत दावा नाकारला नाही, तर दुखापत कामामुळेच झाली असे कायदा गृहीत धरतो. नुसते तोंडी सांगून उपचारांची आणि निर्णयाची ही घड्याळे सुरू होत नाहीत. काकूंनी मालकाला तीनदा सांगितले होते आणि तिन्ही वेळा ते हवेत विरले. अर्ज दिल्यावर मात्र नवव्या दिवशी विमा कंपनीकडून पत्र आले.

या पत्रावर दावा हाताळणाऱ्या व्यक्तीचे नाव असते. तिला सगळे ‘ॲडजस्टर’ म्हणतात, आणि इथून पुढे मंजुरी, नकार व पैसे सगळे तिच्याच टेबलावरून जातात. दाव्याचा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा, कारण फिजिओथेरपीच्या दवाखान्यात आरोग्य विम्याच्या कार्डाऐवजी तोच द्यायचा असतो. दाव्याचा अर्ज दाखल झाल्यावर उपचार करणाऱ्याने कामगाराकडून थेट पैसे घेण्याला, म्हणजे सर्वसाधारण विम्यात द्यावा लागतो तसा हिस्साही मागण्याला, दावा नाकारला जात नाही तोवर कायद्याने मनाई आहे. आधीच भरलेल्या पैशांचीही सोय आहे: मालकाने उपचार देण्यात कसूर केली असेल, तर कामगाराने स्वतः करून घेतलेल्या उपचारांचा वाजवी खर्च मालकाकडून वसूल होऊ शकतो. काकूंच्या अकरा फेऱ्यांच्या पावत्या एका पोळ्यांच्या डब्यात निघाल्या, आणि त्या डब्यामुळेच पुढे पैसे परत मागता आले.

आता फिजिओथेरपी, जिला येथे फिजिकल थेरपी किंवा नुसते ‘पीटी’ म्हणतात. ती मिळण्यासाठी थेरपिस्टची इच्छा किंवा आपली गरज पुरेशी नसते. मुख्य उपचार करणाऱ्या डॉक्टरने आपल्या अहवालासोबत ‘आरएफए’ नावाचा मंजुरीचा विनंतीअर्ज विमा कंपनीकडे पाठवावा लागतो. मालकाने वैद्यकीय जाळे, म्हणजे ठरलेल्या डॉक्टरांची यादी, स्थापन केले असेल, तर डॉक्टर त्या जाळ्यातलाच निवडावा लागतो, मात्र त्या जाळ्यात डॉक्टर बदलण्याचा आणि दुसरे, तिसरे मत घेण्याचा हक्क कामगाराला असतो. मुख्य डॉक्टर तीस मिनिटांच्या किंवा पंधरा मैलांच्या आत, आणि इतर तज्ज्ञ साठ मिनिटांच्या किंवा तीस मैलांच्या आत उपलब्ध असावेत, हा त्या जाळ्यांसाठीचा निकष आहे.

दुखापतीनंतरचे पहिले तीस दिवस मोलाचे आहेत आणि बहुतेकांना ते ठाऊक नसतात. १ जानेवारी २०१८ नंतरच्या दुखापतींसाठी, दावा स्वीकारलेल्या अवयवावर जाळ्यातल्या डॉक्टरने राज्याच्या उपचार-मार्गदर्शिकेला धरून सुचवलेल्या बहुतेक उपचारांना या काळात आगाऊ छाननी लागत नाही. शस्त्रक्रिया, एमआरआयसारख्या तपासण्या, मानसोपचार अशा काही गोष्टी त्यातून वगळल्या आहेत. फिजिओथेरपी त्या वगळलेल्यांच्या यादीत नाही. डॉक्टरने विनंतीअर्ज पाठवायचा असतोच, पण उत्तराची वाट पाहत बसायचे नसते. खांदा किंवा मनगट आखडण्याआधी व्यायाम सुरू होणे किती महत्त्वाचे असते, हे ज्याने आखडलेला खांदा भोगला आहे त्याला सांगायला नको.

तीस दिवसांनंतर प्रत्येक विनंती छाननीतून जाते. तिला ‘युटिलायझेशन रिव्ह्यू’ म्हणतात. विनंती मिळाल्यापासून पाच कामाच्या दिवसांत निर्णय द्यावा लागतो. अधिक माहिती मागवली तर एकूण चौदा दिवसांपर्यंत. ॲडजस्टर स्वतः मंजुरी देऊ शकते, पण वैद्यकीय कारणावरून नकार देण्याचा किंवा काटछाट करण्याचा अधिकार केवळ परवानाधारक डॉक्टरला आहे. हा डॉक्टर आपल्याला कधी भेटत नाही. त्याच्यासमोर फक्त कागद असतात, आणि त्या कागदांत तो एकच गोष्ट शोधत असतो: थेरपीने रुग्णाच्या हातून अधिक काम होऊ लागले आहे का? मार्गदर्शिकेची भाषा अशी आहे की दैनंदिन व्यवहारांत ठळक सुधारणा दिसावी किंवा कामावरील बंधने कमी व्हावीत, आणि त्याबरोबर उपचारांवरचे अवलंबन घटावे. वेदना कमी झाली एवढे लिहिलेले पुरत नाही.

येथे मराठी माणसाचा एक स्वभाव आडवा येतो आणि त्याबद्दल मला मनापासून कळकळ वाटते. थेरपिस्ट दार उघडताच विचारते, “कसे आहे आज?” आणि आपण म्हणतो, “बरं आहे.” काकू अकराही वेळा असेच म्हणाल्या होत्या. समोरच्याला त्रास नको, रडगाणे नको, या सौजन्यापोटी उच्चारलेले ते दोन शब्द नोंदवहीत ‘रुग्णाची तक्रार नाही’ असे उतरतात, आणि तीन आठवड्यांनी त्याच वाक्याचा आधार घेऊन पुढच्या बारा फेऱ्या नाकारल्या जातात. याच्या उलट, जो रुग्ण प्रत्येक वेळी ‘काहीच फरक नाही’ म्हणतो, त्याचीही थेरपी थांबते, कारण फरक नसेल तर चालू कशाला ठेवायची? खरे आणि मोजता येईल असे सांगणे हा एकच मार्ग आहे. ‘गेल्या महिन्यात कुकरचे झाकण डाव्या हाताने लावावे लागत होते, आता उजव्याने लावते, कणीक अजून पाच मिनिटांच्या पुढे मळता येत नाही, रात्री दोनदा जाग येते, पूर्वी पाचदा यायची.’ अशी तीन वाक्ये काकूंनी पुढच्या फेरीपासून एका चिठ्ठीवर लिहून नेली, आणि थेरपिस्टने ती जशीच्या तशी नोंदवली.

मोजमापेही मागून घ्यावीत. माझ्या खांद्यासाठी थेरपिस्ट पारदर्शक प्लास्टिकच्या दोन पट्ट्या बिजागरीने जोडलेले कोनमापक दंडाला लावायची आणि हात किती अंशांपर्यंत वर जातो ते लिहायची. पहिल्या दिवशी ९५, सहाव्या फेरीला ११८, बाराव्या फेरीला १४०. काकूंच्या हाताला पकडीचा जोर मोजणारे यंत्र दिले होते, त्याची मूठ दाबली की काटा सरकतो. हे आकडे डॉक्टरच्या अहवालात पोचले आहेत की थेरपीच्या दवाखान्यातील कपाटात पडून आहेत, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. मुख्य डॉक्टर साधारण दर पंचेचाळीस दिवसांनी प्रगतीचा अहवाल पाठवतो. तो निघण्यापूर्वी थेरपिस्टची टिपणे त्याच्यापर्यंत गेली तर पुढची विनंती भरीव होते: कोणता अवयव, आठवड्यातून किती वेळा, किती आठवडे, आतापर्यंत किती फेऱ्या झाल्या, त्यांतून काय साधले, आणि आणखी काय साधायचे आहे. ‘पीटी चालू ठेवा’ एवढ्या एका ओळीवर आलेली विनंती नाकारली गेली, तर दोष छाननी करणाऱ्याचा कमी आणि लिहिणाऱ्याचा जास्त असतो.

चोवीस हा आकडा मात्र प्रत्येकाने लक्षात ठेवावा. १ जानेवारी २००४ पासूनच्या दुखापतींना एका दुखापतीमागे फिजिकल थेरपीच्या जास्तीत जास्त चोवीस फेऱ्यांची मर्यादा आहे. ती वरची मर्यादा आहे, हक्काचा कोटा नाही, त्यामुळे छाननीत सहा किंवा बारा फेऱ्याच मंजूर होणे नेहमीचे आहे. पण या मर्यादेला तीन दारे आहेत. पहिले म्हणजे विमा कंपनी लेखी मंजुरी देऊन चोवीसच्या पुढेही जाऊ शकते, आणि जिथे कामावर लवकर परतणे दिसत असते तिथे ती जातेही. दुसरे म्हणजे शस्त्रक्रियेनंतरची थेरपी या चोवीसांत धरली जात नाही, तिच्यासाठी वेगळी मार्गदर्शिका आहे. खांद्याची शस्त्रक्रिया झाली तर आधीच्या फेऱ्या संपल्या म्हणून नंतरच्या बंद होत नाहीत. तिसरे सर्वांत दुर्लक्षित आहे: ऑक्युपेशनल थेरपीच्या, म्हणजे रोजच्या कामांच्या हालचाली परत शिकवणाऱ्या थेरपीच्या, चोवीस आणि कायरोप्रॅक्टिकच्या, म्हणजे मणक्यांवर व सांध्यांवर हातांनी केलेल्या उपचाराच्या, चोवीस फेऱ्या स्वतंत्र मोजल्या जातात. हात आणि मनगटाची थेरपी पुष्कळदा ऑक्युपेशनल थेरपिस्टच करतात, म्हणून काकूंच्या पुढच्या फेऱ्या डॉक्टरने त्या सदरात मागितल्या. हे काही पळवाट शोधणे नव्हे. भांडी, कणीक, लाटणे या हालचाली परत शिकवणारी माणसे खरोखर तीच आहेत.

नकार आलाच, तर त्या पत्रासोबत ‘इंडिपेंडंट मेडिकल रिव्ह्यू’चा, म्हणजे स्वतंत्र वैद्यकीय पुनरावलोकनाचा, बराचसा भरलेला अर्ज येतो. त्यावर सही करून नकाराचे पत्र पाठवल्यापासून तीस दिवसांत तो पाठवायचा. कामगाराला काही खर्च पडत नाही. पण येथे खोटी आशा देणे मला बरे वाटत नाही: या पुनरावलोकनात बहुतांश नकार कायमच राहतात, आणि नकार एरवी बारा महिने लागू असतो. म्हणून अर्ज पाठवताना नुसती सही न करता मोजमापांची टिपणे आणि डॉक्टरचे पूरक पत्र जोडावे, आणि प्रकृतीत खरोखर बदल झाला असेल तर तो लिहून डॉक्टरकडून नवी विनंती करवून घ्यावी. विमा कंपनीने स्वतःच्या पातळीवर फेरविचाराची सोय देऊ केली तर ती घ्यायला हरकत नाही, फक्त तिच्यामुळे तीस दिवसांची मुदत वाढत नाही, आणि या एका गैरसमजुतीने अनेकांचे अर्ज बाद झाले आहेत. छाननीचा निर्णयच मुदतीनंतर आला असेल तर गोष्ट वेगळी: उशिरा दिलेला नकार अवैध ठरतो आणि उपचार योग्य आहे की नाही हे कामगार भरपाई मंडळाचे न्यायाधीश ठरवू शकतात. त्यामुळे विनंती कोणत्या दिवशी फॅक्स झाली, ती तारीख डॉक्टरच्या कचेरीतून विचारून वहीत लिहून ठेवावी.

प्रवासखर्चाकडे वळते, कारण सर्वांत जास्त पैसे येथेच न मागता राहून जातात. कायदा दुखापतीच्या उपचारासाठी वाजवीपणे लागणारे सगळे देण्यास सांगतो आणि उपचारासाठी येण्याजाण्याचा खर्च हा उपचाराचाच भाग मानला जातो; कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये हीच भूमिका घेतली. घरापासून डॉक्टर, थेरपिस्ट आणि औषधाच्या दुकानापर्यंतचे जाण्यायेण्याचे मैल, वाहनतळाचे पैसे आणि पुलाचा टोल हे सगळे त्यात येते. मैलाचा दर केंद्रीय आयकर खात्याच्या व्यवसाय-दराशी बांधलेला असतो, दरवर्षी बदलतो आणि दुखापत कधीही झालेली असो, प्रवास ज्या दिवशी केला त्या दिवसाचा दर लागतो. २०२४ मध्ये तो मैलाला ६७ सेंट होता, २०२५ मध्ये ७० सेंट. जे बसने किंवा ‘बार्ट’ या इथल्या लोकल रेल्वेने जातात त्यांनी तिकिटे जपून ठेवावीत.

काकूंचा हिशोब मांडून दाखवते. त्यांच्या घरापासून डंबार्टन पुलापलीकडील थेरपीचा दवाखाना चौदा मैलांवर, म्हणजे एका फेरीचे अठ्ठावीस मैल. चोवीस फेऱ्यांचे ६७२ मैल. २०२५ च्या ७० सेंटांच्या दराने ४७० डॉलर ४० सेंट. डंबार्टनवर टोल फक्त फ्रीमॉन्टकडून पश्चिमेला जाताना लागतो, २०२५ मध्ये तो आठ डॉलर होता, म्हणजे चोवीस वेळांचे १९२. एकूण ६६२ डॉलर ४० सेंट. तासाच्या मजुरीवर पोळ्या लाटणाऱ्या बाईसाठी ही रक्कम किरकोळ नाही, आणि यात डॉक्टरच्या व औषधाच्या दुकानाच्या फेऱ्या अजून धरलेल्याच नाहीत.

हे पैसे आपोआप येत नाहीत. राज्याच्या विभागाचा वैद्यकीय प्रवासखर्चाचा एक साधा अर्ज आहे; त्यात तारीख, कोठून, कोठे, कोणाकडे, जाण्यायेण्याचे मैल, वाहनतळ आणि टोल एवढे भरायचे असते. मी गाडीच्या पुढच्या कप्प्यात एक छोटी वही ठेवली होती आणि दवाखान्यातून निघताना गाडी सुरू करण्यापूर्वी ओळ लिहायची, कारण घरी जाऊन लिहीन म्हटलेल्या ओळी कधीच लिहिल्या जात नाहीत. मैल नकाशावरून मोजून घ्यावेत, ॲडजस्टरही तेच करते, आणि वाटेत भाजी घेतली असेल तर तो वळसा धरू नये. महिन्याच्या शेवटी अर्ज भरून टोलच्या नोंदी आणि पावत्यांसह पाठवावा, प्रत ठेवावी, आणि ईमेलने पाठवला तर पोच मागावी. माझ्या पहिल्या नऊ फेऱ्यांचे पैसे मी मागितलेच नव्हते, कारण असे काही असते हे मला ना विमा कंपनीने सांगितले ना दवाखान्याने. थेरपीच्या वहीतील तारखांवरून मागाहून अर्ज केला आणि सहा आठवड्यांनी धनादेश आला. मागे राहिलेल्या तारखांसाठीही अर्ज करून पाहावा. दुखापतीमुळे स्वतः गाडी चालवणे धोक्याचे असेल, तर डॉक्टरकडून तसे लिहून घेऊन ॲडजस्टरकडे वाहनाची सोय आधी मागावी. टॅक्सीने जाऊन नंतर बिल पाठवले तर वाद होतो, आधी लेखी विचारले तर सहसा होत नाही.

वाजवी रकमेचा धनादेश कारणाशिवाय अडवून ठेवला, तर न्यायाधीश अडवलेल्या रकमेवर पंचवीस टक्क्यांपर्यंत किंवा दहा हजार डॉलरपर्यंत, यांपैकी जी कमी असेल तितकी, वाढ देऊ शकतात. ॲडजस्टरला शांतपणे लिहिलेल्या पत्रात याचा नुसता उल्लेखही पुष्कळदा पुरतो.

थेरपीसाठी बुडालेल्या तासांचे काय, हा प्रश्न सगळे विचारतात आणि त्याचे उत्तर तितके सुखाचे नाही. डॉक्टरने काम बंद ठेवायला सांगितले असेल, त्या काळात तात्पुरत्या अपंगत्वाची भरपाई म्हणून सरासरी साप्ताहिक वेतनाच्या दोन तृतीयांश रक्कम मिळते, कमाल आणि किमान मर्यादेत, आणि सहसा एकूण १०४ आठवड्यांपर्यंत. पण प्रकृती स्थिर झाली असे जाहीर होऊन माणूस कामावर परतला, की नंतर उपचारांसाठी गेलेल्या तासांची भरपाई या सदरात मिळत नाही, असा निर्णय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये दिला. तेव्हा फेऱ्या शक्यतो सकाळी लवकर किंवा संध्याकाळी घ्याव्यात. जमत नसेल तर आजारपणाची पगारी रजा वापरता येते, जी १ जानेवारी २०२४ पासून वर्षाला किमान पाच दिवस किंवा चाळीस तास आहे.

काकूंच्या प्रकरणात सगळ्यात मोठा फरक मात्र भाषेने पडला. इंग्रजीत डॉक्टरशी नीट बोलता येत नसेल, तर उपचारांच्या भेटींसाठी पात्र दुभाषी मिळण्याचा हक्क कामगाराला आहे आणि त्याचा खर्च विमा कंपनीने करायचा असतो. तोपर्यंत काकू कॉलेजात जाणाऱ्या मुलाला सोबत न्यायच्या. आईला रात्री हात उशाखाली घेऊन रडू येते हे त्या मुलासमोर बोलायच्याच नाहीत, आणि मुलगाही ‘ती म्हणतेय दुखतंय’ इतकेच भाषांतर करायचा. ॲडजस्टरला दोन ओळींचे ईमेल लिहून मराठी दुभाषी मागितला. पहिल्या भेटीला हिंदीचा आला, आम्ही ती भेट रद्द न करता पुन्हा लिहिले, आणि दुसऱ्या भेटीला फोनवरून मराठी बोलणारी बाई मिळाली. त्या दिवशी काकू वीस मिनिटे बोलल्या. डॉक्टरच्या त्या अहवालात पहिल्यांदा लाटणे, कणीक, कुकरचे झाकण, रात्रीची झोप हे सगळे आले, आणि त्यावर मागितलेल्या बाराही फेऱ्या मंजूर झाल्या.

मदत कोठे मिळते, हेही सांगते. कामगार भरपाई विभागाच्या जिल्हा कचेऱ्यांत माहिती व साहाय्य अधिकारी असतात. आमच्या भागात सॅन होजे, ओकलंड आणि सॅन फ्रान्सिस्को येथे. ते वकील नसतात, पण अर्ज भरायला, मुदती समजावायला आणि न्यायाधीशांपुढे उपचारांच्या वादाची जलद सुनावणी मागायला मदत करतात, आणि पैसे घेत नाहीत. दावा पूर्ण नाकारला गेला किंवा शस्त्रक्रियेपर्यंत गोष्ट गेली, तर वकील गाठावा. येथे वकील आधी पैसे घेत नाही. त्याचे शुल्क शेवटच्या भरपाईतून, बहुधा पंधरा टक्क्यांच्या आसपास, न्यायाधीशांच्या मंजुरीने कापले जाते. दावा केला म्हणून कामावरून काढणे किंवा त्रास देणे बेकायदेशीर आहे. कामगार भरपाई मंडळाकडे दावा दाखल करण्याची मुदत साधारणपणे दुखापतीपासून एक वर्ष असते, तेव्हा ‘बघू, बरे होईल’ म्हणत ते वर्ष घालवू नये.

शेवटी तडजोडीची वेळ येते, आणि दोन कागदांतला फरक तेव्हा सही करण्यापूर्वी समजून घ्यावा लागतो. एका प्रकारात एकरकमी मोठी रक्कम घेऊन प्रकरण कायमचे मिटते. त्याबरोबर पुढच्या सगळ्या थेरपीचा आणि प्रवासखर्चाचा हक्कही संपतो. दुसऱ्यात अपंगत्वाची रक्कम टप्प्याटप्प्याने मिळते, पण त्या दुखापतीचे भावी उपचार खुले राहतात. ज्याला भारतात परतायचे आहे किंवा दुखणे पूर्ण बरे झाले आहे, त्याला पहिला प्रकार सोयीचा असू शकतो. पोळ्या लाटणाऱ्या मनगटाचे दुखणे थंडीत परत उठते, म्हणून काकूंनी दुसरा घेतला. यंदाच्या हिवाळ्यात त्यांना सहा फेऱ्या पुन्हा लागल्या, डॉक्टरने विनंतीअर्ज पाठवला, आणि काकूंनी माझ्याकडे नवी वही मागितली.